तापलेला टीव्ही

पालकसभेला दरवर्षी एक तरी बाई रडतेच. यंदा रडणाऱ्या बाईचं म्हणणं होतं, की अभ्यास टॅब्लेटवर आला आणि तिच्या पोराचं वाटोळं झालं. "मॅडम, तो अभ्यास करतोय की खेळतोय, मला कसं कळणार?"

तान युएलान चीनमधल्या चांगशा शहरातल्या शाळेत गणित शिकवते. तिने चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, बाईंना पाणी दिलं. मनात मात्र तिला हसू येत होतं. कसं कळणार म्हणे! तिच्या आईला बरोबर कळायचं, टीव्हीच्या पाठीला हात लावून.

युएलान दहा वर्षांची असताना हेंगयांगच्या कापडगिरणीच्या वसाहतीत अभ्यासयंत्रांचं पेव फुटलं होतं. दिसायला अगदी संगणक, पण खरा फक्त कळफलक. पडदा घरच्याच टीव्हीचा. सोबत दोन कॅसेट. एकीत टायपिंग आणि बेरीज-वजाबाकी, दुसरीत रणगाडे आणि मोटारसायकली. आईबापांनी पहिली कॅसेट बघून यंत्र घ्यायचं आणि पोरांनी दुसरी लावायची, असा सगळा मामला होता. शिक्षणाच्या नावाखाली इतका आनंद पुन्हा कुठल्या पिढीच्या वाट्याला आला असेल असं युएलानला वाटत नाही.

तिची आई, पेंगबाई, गिरणीच्याच शाळेत शिक्षिका. घरी आली की खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी टीव्हीवरचं भरतकाम केलेलं कापड उचलायची आणि मागे तळवा टेकवायची. गरम लागला की खैर नसे. घरोघरी हीच तपासणी. म्हणून वसाहतीतली झाडून सगळी पोरं आई यायच्या आधी टीव्ही ओल्या फडक्याने पुसून त्याला ताडाच्या पंख्याने वारा घालायची. आजारी माणसाची सुद्धा कोणी एवढी सेवा करत नाही.

एका दुपारी युएलानचे बाबा पहिली पाळी संपवून आले. तान शौयी, माग दुरुस्त करणारा फिटर; आई त्यांना 'लाओ तान', म्हणजे म्हातारबा तान, म्हणायची. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच लेकीला म्हणाले, "लानलान, ती दुसरी कॅसेट लाव ना."

"मोटारसायकलची?"

"अभ्यासाची."

बाबांना ताप आलाय असंच तिला वाटलं. मग कळलं ते असं, की गिरणीतले निम्मे जुने माग भंगारात निघणार होते आणि त्यांच्यामागे फिटरही. गोदामात मात्र संगणक आले होते. टायपिंगच्या परीक्षेत जे पास होतील ते तिथे जातील, बाकीच्यांनी घरी बसायचं.

"मग आईला सांगा. ती शिकवेल."

"तिला अजिबात नाही सांगायचं. रात्रशाळेत नापास झालो होतो, ते अजून भाजीत मीठ जास्त पडलं तरी निघतं. परीक्षा होऊन जाऊ दे."

अशी शिकवणी सुरू झाली. पडद्यावर आकाशातून अक्षरं पडायची, ती जमिनीवर आदळायच्या आत बरोबर कळ दाबायची. बाबांची बोटं इतकी जाड, की एका दाबात दोन कळा जायच्या.

"बाबा, नट आवळताय का?"

"सवय आहे गं."

"सवय सोडा. पाठ ताठ. बोटांकडे बघायचं नाही."

हुबेहूब आईचा आवाज निघाला, आणि दोघंही तोंड दाबून हसत सुटले. पहिल्या दिवशी एकूण एक अक्षर जमिनीवर पडलं. हळूहळू काही वरच्या वर फुटायला लागली. युएलान आता रोज वर्गभर मुलांना शिकवते, पण शिकवण्याचं तसलं सुख तिला पुन्हा मिळालेलं नाही.

एकदा मात्र दोघंही वारा घालायला विसरले. आईचा तळवा टीव्हीवर टेकला.

"लानलान, इकडे ये. कोण बसलं होतं?"

स्वयंपाकघरात मिरच्या चिरणाऱ्या बाबांनी तोंड उघडलं. लानलानने त्यांच्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली. "मीच. खेळत होते," ती म्हणाली.

"ठीक आहे. पुन्हा एकदा गरम लागला, तर यंत्र थेट मामाच्या गावाला."

परीक्षा तोंडावर आली होती. यंत्र गेलं तर बाबांची नोकरीही गेली, हे दहा वर्षांच्या पोरीला पक्कं कळत होतं. त्या दिवसापासून ती स्वतः रणगाड्यांना शिवली नाही. सगळा वेळ बाबांना दिला.

आणि तरी घोळ झालाच. शाळेने मुलांना डोंगरावर झाडं लावायला नेलं. आईही बरोबर होती, लानलान दिवसभर तिच्या नजरेसमोर. संध्याकाळी दोघी मातीने माखून घरी आल्या. आईने सवयीने टीव्हीच्या पाठीला हात लावला, आणि हात तिथेच राहिला.

बाबा कमळकाकडी सोलत होते, ते इतकं खाली मान घालून, की जणू तिच्यात हिरे सापडणार होते. आईने वाकून यंत्रात कुठली कॅसेट आहे ते पाहिलं. मग बाबांच्या पाठीकडे पाहिलं. परीक्षेची सूचना गिरणीचा कर्णा रोज सकाळी ओरडून सांगत होता, आई काही बहिरी नव्हती.

तिने टीव्हीवरचं कापड सारखं केलं. "आज उकडतंय फार," एवढंच म्हणाली आणि हात धुवायला गेली.

यंत्र मामाकडे गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आई गल्लीच्या तोंडापासूनच सायकलची घंटी वाजवत यायला लागली. रस्त्यात कुत्रं नसलं तरी वाजवायची, दारात उतरून कुलूप लावतानाही वाजवायची. बाबा म्हणायचे, "हल्ली तुझ्या आईला झालंय काय?" आणि घाईघाईने वायर काढायचे.

पुढे बाबा काठावर पास झाले. काही वर्षं गोदामात पडद्यासमोर ऐटीत बसले, मग अख्खी गिरणीच बंद पडली. तो सगळा नंतरचा भाग. युएलानला आठवते ती परीक्षेची सकाळ.

बाबा नेहमीसारखे कामावर निघाल्याचा आव आणून भाताची पेज प्यायला बसले होते. आई पहाटेच वसाहतीच्या फाटकाशी जाऊन काहीतरी विकत घेऊन आली होती. तिने स्वयंपाकघरातून एक ताटली आणली. ताटलीत मैद्याची एक लांब तळलेली कांडी आणि तिच्या शेजारी दोन उकडलेली अंडी. कांडी म्हणजे एक, अंडी म्हणजे दोन शून्यं, शंभरपैकी शंभर. परीक्षेला निघालेल्या पोरांपुढेच ही ताटली येते, मोठ्या माणसांपुढे नाही. लानलान गोंधळली, आज तिचा कुठलाच पेपर नव्हता.

आईने ताटली बाबांसमोर ठेवली.

बाबांचे कान लाल झाले. मग, घरात काही चांगलं आलं की अर्धं लेकीला द्यायची त्यांची रीत, म्हणून त्यांनी एक अंडं लानलानच्या वाटीकडे सरकवलं.

आईने ते उचलून परत त्यांच्या ताटलीत ठेवलं.

"तुझं तू खा, लाओ तान," ती म्हणाली. "एक शून्य गेलं तर दहाच राहतात."