मोहाखालची गाडी

लालसूच्या घरी जेवण उरकून रिना हात पुसत अंगणात आली आणि थबकली. भर उन्हात उभी केलेली तिची ई-रिक्षा जागेवर नव्हती. लालसूने ती ढकलत नेऊन मोहाच्या गर्द सावलीत लावली होती. वर छपरावर ओली पोतीही अंथरली होती.

“पाव्हन्याची गाडी उन्हात तापू देऊ काय, बाई?” तो कौतुकाची वाट पाहत म्हणाला.

रिनाने कपाळावर हात मारला. छपरावरचं सौर पॅनल तिने स्वतः बसवलं होतं. बॅटरी जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर धावे. इथवर येणं आणि इथून तालुक्याला पोचणं मिळून होत होते चौपन्न. वरचे नऊ उन्हानेच द्यायचे होते.

लालसूची लेक सुकरी नवव्या महिन्यात होती; तिला तालुक्याला न्यायलाच रिना आली होती. बाळ आडवं असल्याची शंका होती, आणि तिथे महिन्यातून एकदा येणारे सोनोग्राफीचे डॉक्टर आज आले होते, ते चारलाच निघत. एक वाजत आला होता.

“डिझेलची जीप घ्या म्हणून मी बोंबलत होतो,” सोबत आलेले वामनराव म्हणाले. चाचणीला घेतलेली ही गाडी ठेवायची की परत करायची, हे ठरवणं ग्रामसभेने त्यांच्यावर सोपवलं होतं. “हे खेळणं जंगलात चालत नाई.”

 रिनाने पोती ओढून काढली. ओशाळलेल्या लालसूने गाडी परत उन्हात ढकलली. तासभर सगळे छपराकडे बघत बसले. सुकरीला बसवून दोनला निघाले.

चढावर गाडी रेंगाळली. मीटर लाल झालं. तेवढ्यात मागून धक्का बसला आणि गाडी हलकी झाली. रिनाने आरशात पाहिलं. खाली उतरून, चपला काखेत मारून वामनराव गाडीला खांदा लावत होते.

“मले काय पाहून राह्यली? समोर पाह्य!”

पावणेचारला ते दवाखान्यात पोचले. बाळ खरंच आडवं होतं. डॉक्टरांनी सुकरीला तिथेच ठेवून घेतलं. “वेळेवर आणलंत,” ते म्हणाले. रिना पायरीवर बसून आनंदाने चक्क रडली.

डोळे पुसून ती गाडीपाशी आली.

“ग्रामसभेत तुमी काय सांगान, भाऊ?”

वामनराव टाचा उंचावून, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पॅनलवरची धूळ पुसत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“ह्या काचेले साबण चालते काय?”