शेवटचं गाणं तर कमालच!

लंडनमधल्या ईलिंगच्या मराठी मंडळात डॉ. गिरीश कुंटे यांना तोंडावर वाईट म्हणणारा एकही माणूस नव्हता, आणि डॉक्टरांचं सगळं बिनसलं ते तिथूनच.

डॉक्टर भूलतज्ज्ञ. पस्तीस वर्षं त्यांनी इंग्रजांना झोपवलं आणि निवृत्त झाल्यावर मोर्चा मराठी माणसांकडे वळवला. 'झुला गोल्ड' नावाच्या डिजिटल रेडिओ चॅनलवर दर रविवारी अकरा ते बारा ते 'अत्तरदाणी' सादर करत. जुनी भावगीतं, नाट्यगीतं, चवीपुरती एखादी लावणी. 'झुला' हे मुख्य चॅनल, तरुणांचं आणि भांगड्याचं. त्याच्या पोटात कोपरा करून ज्येष्ठांसाठी बसवलेलं उपचॅनल म्हणजे गोल्ड. आठवडाभर तिथे कॉम्प्युटर आपला आपण जुनी हिंदी गाणी लावत बसे. जिवंत माणूस म्हणाल तर रविवारी तासभर डॉक्टर. गोल्ड ना ॲपवर, ना इंटरनेटवर. ऐकायचं तर डिजिटल रेडिओ घरी हवा. डॉक्टरांनी मंडळातल्या चाळीस घरांना तो घ्यायला लावला होता, आणि त्या चाळीस घरांत तो मायक्रोवेव्हशेजारी दिसेल असा ठेवलेला होता.

दर रविवारी बारा वाजून पाच मिनिटांनी मिलिंद सबनीसांचा मेसेज येई: 'आजचा भाग अप्रतिम! शेवटचं गाणं तर कमालच!' पुढे गुलाबाचं फूल. मग बाकीच्यांचेही येत. डॉक्टर ते मेसेज दिवसातून दोनदा वाचत. माणसाला म्हातारपणी काहीतरी गोड लागतंच.

त्या गोडात खडा एकच होता, सॅम्युअल नागावकर. वय एक्याण्णव, मुक्काम हॅनवेलच्या केअर होममध्ये. मूळचे मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. तरुणपणी भायखळ्याला रेकॉर्डच्या दुकानात होते आणि तिथला माज अजून उतरला नव्हता. डॉक्टर कार्यक्रमात स्वतःचा मोबाइल नंबर देत, आणि त्यावर फोन यायचा तो या एकाच माणसाचा. "डॉक्टर, तुम्ही खमाज सांगितलात, तो देस होता." "डॉक्टर, गाणं संपू द्या हो. शेवटच्या ओळीवर तुम्ही बोलायला लागता. तिथे बाई काय जागा घेते ठाऊक आहे? तुमच्यामुळे कुणालाच ठाऊक नाही." असं दर आठवड्याला. शेवटी एका सोमवारी डॉक्टरांनी तो नंबर ब्लॉक करून टाकला. मेला कटकट्या! त्या दिवशी त्यांना जेवणही चांगलं गेलं.

त्याला दोनेक महिने झाले असतील. एका शुक्रवारी दुपारी 'झुला'ची नवी मॅनेजर तनू हिने त्यांना ऑफिसात बोलावलं. तनू कॉव्हेंट्रीत जन्मलेली, तीस-एकतीसची, मराठीवर मनापासून प्रेम करणारी आणि ते तोंडात न मावणारी.

"डॉक्टर अंकल, तुमची आवाज खूप छान आहे, ओके? पण आपण गोल्ड बंद करतोय. आज जो सिक्स्टी-फाइव्हचा माणूस आहे ना, तो एटीजमध्ये कॉलेजला होता. त्याला डिस्को पाहिजे. त्याच्यासाठी हार्मोनियम म्हणजे त्याच्या आजोबाची म्युझिक आहे. आणि मेन चॅनलला साउंड चांगला द्यायला मला गोल्डची जागा लागते."

"अगं, पण माझे श्रोते?" डॉक्टर हसले. या पोरीला कल्पना नव्हती. "चाळीस घरं आहेत. तू बंद करून तर बघ, फोनचा पाऊस पडेल."

तनूने पेन खाली ठेवलं. "अंकल, मी केलंय बंद. आठ आठवडे झाले."

"बंद म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ट्रायल होती. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही सगळ्यांना कम्प्लेंट करायला लावलं असतं. मला खरी रिझल्ट पाहिजे होती. तुम्ही आठ संडे स्टुडिओत बोलला ते तुमच्या हेडफोनच्या बाहेर गेलंच नाही. नो सर्व्हिस. आणि एक पण फोन नाही आला, एक पण ईमेल नाही. सॉरी."

या आठ रविवारी आलेले मेसेज डॉक्टरांच्या खिशात होते. आठही अप्रतिम होते, आणि आठही वेळा शेवटचं गाणं कमाल झालं होतं. कान असे तापले की त्यांना ऐकू येईना. तनूला बहुधा दया आली. दयेचं काम क्रौर्याइतकंच नीट करणारी मुलगी होती ती.

"ओके, एक माणूस आणा," ती म्हणाली. "फक्त एक, ज्याला या आठ वीकमध्ये कळलं की प्रोग्रॅम नाहीये. मंडेपर्यंत. मी तुम्हाला मेन चॅनलवर हाफ अवर देते. प्रॉमिस. पण या संडेला येऊ नका, स्टुडिओ बुक आहे."

एक माणूस! घरीच होता की. त्यांच्या पत्नी वीणाताई दर रविवारी रेडिओ लावून स्वयंपाक करत. डॉक्टर परतले की दार उघडतानाच "छान झाला हं" म्हणत. डॉक्टरांनी कोट न काढताच विचारलं, "गेल्या रविवारी माझा कार्यक्रम कसा झाला गं?"

"छान झाला की. का?"

"काय आवडलं?"

"शेवटचं गाणं," वीणाताई पटकन म्हणाल्या.

डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी आठ आठवड्यांची हकिगत सांगितली. वीणाताईंनी गॅस बारीक केला. त्या शरमल्या असत्या तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर, देवाशपथ, सुटल्यासारखं काहीतरी आलं.

"अहो, तीन वर्षं झाली, मी तो रेडिओ लावलेला नाही. आठवड्यात एक तास या घरात तुमचा आवाज नसतो. तो तासही मी तुम्हालाच ऐकू का? आणि सगळे शेवटचंच म्हणतात. शेवटचं गाणं काय, प्रत्येक कार्यक्रमाला असतंच. माणूस पकडला जात नाही. मीच शिकवलंय मिलिंदभावजींना."

एवढं बोलून त्यांनी भाजीत मीठ घातलं. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत, आणि ते जेवले नाहीत हे कुणी विचारलंही नाही.

शनिवारी त्यांनी फोन धरला. कार्यक्रम बंद पडलाय, हे सांगायची काही जीभ रेटेना, म्हणून प्रत्येकाला आडून विचारलं, "हल्ली रिसेप्शन कसं येतं हो आमचं?" मिलिंद सबनीस म्हणाले, "क्रिस्टल क्लिअर!" क्रॉयडनचे एक सर्जन म्हणाले, की हल्ली तर आवाज जास्तच खुललाय. अकराव्या माणसाने आधीपेक्षा छान येतं म्हटल्यावर डॉक्टरांनी फोन आदळला. सगळे खोटारडे! अन् जो त्यांच्याशी कधी खोटं म्हणून बोलला नव्हता, त्याची आठवण त्यांना तेव्हा झाली.

ब्लॉक केलेल्या नंबरचे व्हॉइसमेलवरचे निरोप फोनमध्ये वेगळ्या कप्प्यात पडून राहतात. डॉक्टरांनी तो कप्पा उघडला. नागावकरांचे अकरा निरोप होते.

पहिला तावातावाचा. "डॉक्टर, अकरा वाजून गेले, तुम्ही नाहीत. आजारी आहात का? तसं सांगावं माणसाने." तिसऱ्यात आवाज उतरला होता. "माझाच सेट बिघडला असणार. मुलीला, एलिझाबेथला, नवीन आणायला सांगितलाय." पाचव्यात नवा सेट आला होता आणि त्यावरही काही नव्हतं. सातव्यात ते हळू बोलत होते, शेजारी कुणी असल्यासारखे. "डॉक्टर, माझी मुलगी म्हणते, असं चॅनलच नाही. तिने फोनवर शोधलं. इथली नर्स म्हणते, मराठी बोलणारा डॉक्टर रेडिओवर येतो, असं कसं होईल? तुम्ही एकदा एलिझाबेथला फोन करा. नुसतं आहे म्हणून सांगा." नववा, दहावा, तेच. अकराव्यात फक्त म्हातारा श्वास आणि मग, "मला वरच्या मजल्यावर नेतायत."

डॉक्टर ताडकन उठले आणि खोलीभर फिरले. सापडला! आठच्या आठ रविवारी ज्याला कळलं, असा माणूस सापडला! म्हातारा काय सांगत होता ते त्यांच्या कानांवर पडलं होतं, पण डोक्यात एकच गोष्ट नाचत होती, मेन चॅनलवर अर्धा तास. निरोप तसेच तनूला ऐकवावेत, तर त्यांत कौतुकाचा एक शब्द नव्हता, आणि पाचव्यात डॉक्टर ठार बेसूर बोलतात असं एक वाक्यही होतं. तेव्हा म्हाताऱ्याकडून दोन बरे शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यावेत, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी अकराला ते हॅनवेलला पोचले. वरचा मजला भ्रमिष्ट झालेल्यांचा; त्याच्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं. नर्सने आकडे दाबले. "तो रेडिओचंच बोलत असतो बिचारा," ती इंग्रजीत म्हणाली. "मंगळवारी आमचे डॉक्टर तपासून नक्की करतील, कायमचं इथेच ठेवायचं का ते. खाली त्याची बाग होती, मित्र होते. वाईट वाटतं."

नागावकर खिडकीशी बसले होते, मांडीवर नवा कोरा रेडिओ. डॉक्टरांनी नुसतं "नमस्कार" म्हटलं आणि म्हातारा उभाच राहिला.

"कुंटे! आवाजावरून ओळखलं! अहो, कुठे होतात? हे लोक मला वेडा ठरवायला निघालेत!"

"चॅनल तांत्रिक कारणाने बंद होतं," डॉक्टर म्हणाले आणि मोबाइल समोर धरला. "ते मी बघतो. आधी एवढं बोला, नागावकर. अत्तरदाणी नव्हती तेव्हा तुम्हाला चुकल्यासारखं झालं. माझा कार्यक्रम तुम्हाला आवडतो. दोन वाक्यं."

नागावकरांनी मोबाइलकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. खोटं बोलले असते तर त्यांचंही काम झालं असतं. पण भायखळ्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला वाईट रेकॉर्ड चांगली म्हणून विकायची त्यांना सवय नव्हती.

"आवडतो?" ते म्हणाले. "छे हो. तुमच्याइतका वाईट निवेदक मी आयुष्यात ऐकला नाही. प्रत्येक गाण्याचा गळा दाबता. मी गाण्यांसाठी ऐकत होतो. आणि मराठीसाठी. घरात आता मराठी समजणारं माझं कुणी नाही. तुम्ही मध्ये होतात, म्हणून तुम्हाला ऐकून घेत होतो."

मोबाइलवर ते सगळं स्वच्छ रेकॉर्ड झालं. डॉक्टरांनी पुसून टाकलं.

नर्स औषधाचा ट्रे घेऊन आली. नागावकर तिला इंग्रजीत म्हणाले, "हेच ते! हाच माणूस! विचार याला!"

नर्स थबकली. तिने खरंच विचारलं, डोळ्यांत जराशी आशा धरून. "तुम्ही रेडिओवर असता का? असा काही कार्यक्रम आहे? कारण असेल तर मला आत्ता लिहायला हवं."

एक 'हो' पुरला असता. डॉक्टर तर स्वतः डॉक्टर. त्या 'हो'ची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक होती? पण त्यांना दोन दिवसांत फार जणांनी सोलून काढलं होतं, आणि सूड घ्यायला हाताशी हा एकच माणूस होता.

"रेडिओवर? मी?" पस्तीस वर्षं हॉस्पिटलात वापरलेल्या गोड, झोपवणाऱ्या इंग्रजीत ते म्हणाले. "नाही हो. जुनी ओळख आहे आमची. असा कार्यक्रम नाहीये कुठे."

नागावकर ओरडले नाहीत. ते फक्त मराठीत म्हणाले, "डॉक्टर, एकदा नुसतं..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत डॉक्टर वळले होते. नर्सने टॅबलेटवर दोन ओळी लिहिल्या आणि त्यांना बाहेर सोडायला आकडे दाबले.

खाली बागेत आले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. खिशात फोन वाजला. मिलिंद सबनीस: 'आजचा भाग अप्रतिम! शेवटचं गाणं तर कमालच!' आणि गुलाबाचं फूल.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'मनापासून आभार.'