तीन पावले राहिली

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. जुना म्हटले की लगेच तोंड वाकडे करू नका! ऑस्ट्रेलियातल्या चार्टर्स टॉवर्स गावाजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी दोन खिळ्यांवर आडवा पडून असतो. डेसमंड हॉलिसने मला घरीच, जेवणाच्या टेबलावर बनवले. अ‍ॅल्युमिनियमची जाड नळी, शेपटीला टर्कीची तीन पिसे, पात्यामागे पितळेचे वजन. त्याची बहीण व्होंडा मला हातात घेऊन म्हणाली होती, "अरे, हा बाण आहे की पहार?"

मी जड, म्हणून संथ. लांब जाताना माझी वाट लवकर खाली वाकते. अंतराचा अंदाज चार पावलांनी चुकला, तर मी चितळाच्या पोटाखालून निघून जाणार. म्हणून डेसमंड वीस पावलांच्या आत शिरल्याशिवाय दोरी ओढत नसे. समोरून वारा घेत तासन्‌तास पोटावर सरकायचा. ते दिवस आठवले की जीव कासावीस होतो.

पुढे त्याचा खांदा गेला. धनुष्याचा ताण कमी करावा लागला आणि मी आणखीच संथ झालो. मग त्याने हलके काळे बाण आणले. काय तो वेग! चाळीस पावलांपर्यंत जवळजवळ सरळ रेघ. मी खिळ्यांवर गेलो आणि जळून खाक झालो.

नव्या बाणांना बोथट टोके लावून डेसमंडने ते ताणलेल्या वर्तमानपत्रातून मारून पाहिले. भोके गोल पडली, म्हणजे शेपटी सरळ चालली होती. पण शिकारीची रुंद पाती लावून पुन्हा मारून पाहायचे असते, ते त्याने टाळले. "पात्यांनी निशाणाचं गोणपाट उगाच फाटतं," म्हणाला.

नडले ते तिथेच. रुंद पाते वारा धरते, आणि वेग वाढला की बारीकशी चूकही मोठी होते. शिवाय हलक्या बाणाला न पेललेली ताकद धनुष्यातच उरते आणि खाडकन आवाज होतो. पुढच्याच शिकारीत अडतीस पावलांवरचे चितळ त्या आवाजाने दचकून खाली दबले. आधीच भरकटलेला बाण मांडीत घुसला.

जखमी जनावर टाकून जेवायला बसायचे नाही, हा त्या घरचा नेम. दोघे बहीणभाऊ दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत उपाशी फिरले. तिसऱ्या सकाळी चितळ सापडले, रानकुत्र्यांनी खाल्लेले.

"काय मिळवलंस रे त्या वेगानं?" व्होंडाने विचारले.

"लांबून मारायची हिंमत," तो म्हणाला. "ती मला नकोच होती गं."

त्याने मला उचलले. पाते घासले, धनुष्यावरची बाण टेकवायची जागा केसभर सरकवली, परत मारले, परत सरकवली. शेवटी पात्याचा मी आणि बोथट टोकाचा माझा भाऊ एकाच ठिकाणी रुतलो. कमी ताणाला आता हद्द ठरली पंधरा पावले.

पाणवठ्यावर एक नर आला आणि अठरा पावलांवर थांबला. डेसमंडने दोरी ओढली. सोड ना रे, सोड! मी मनात ओरडत होतो. त्याचा खांदा थरथरू लागला. नर काही पुढे येईना. डेसमंडने दोरी हळूहळू परत आणली.

"अरे, तीनच तर पावलं होती!" व्होंडा कुजबुजली.

"होती ना."

"म्हणजे आजही डब्यातलेच बीन्स? धन्य आहेस बाबा!"

त्यानंतर त्याचा खांदा कधी दोरी ओढू शकला नाही. सुटलेला बाण परत येत नाही, असे तुम्ही म्हणता. मी न सुटताच परत आलो. डेसमंडने बरोबर केले, हे मला कळते. तरी मन मानत नाही. म्हणून मित्रांनो, कुणी मला या खिळ्यांवरून काढलेच, तर पिसांवरची धूळ झटका, पाते घासा, आणि माझ्यासाठी तीन पावले आणखी पुढे सरका.