बटणाचं पहिलं घर

शाळांनी मुलांना फिल्म दाखवून शिकवावं म्हणून मी गावोगाव फिरतो. आमच्या केंद्राच्या पाटीवर 'दृक्-श्राव्य' असा भारदस्त शब्द आहे, लोक मात्र मला सिनेमावाले म्हणतात. मी गेलो की लगेच चहा मागवतात. चहा पाजला की हा माणूस लवकर जातो, असा त्यांचा अनुभव असावा.

प्रोजेक्टर कुठे आहे असं विचारलं, की मुख्याध्यापकांचा चेहरा उजळतो. "अगदी जपून ठेवलाय हो!" मग किल्ली शोधतात. ती सापडलीच तर कपाट उघडतं, आणि आत आमचं यंत्र मूळच्या खोक्यात, वर भरतकामाचा रुमाल पांघरून बसलेलं असतं. एका शाळेत तर त्यावर फुलदाणी ठेवली होती. अशा वेळी समोरच्याची गचांडी धरावीशी वाटते. मी चहा पितो.

पण भाचीच्या शाळेत मी ते यंत्र कपाटात जाऊ देणार नव्हतो. ताई-भावोजींची लाँड्री आहे. त्यांच्या मुलीला, चिमणीला, लहानपणी ताप आला आणि तिचे कान गेले. त्यानंतर ती बोललीही नाही. भावोजींचं म्हणणं सरळ होतं: शाळेत ती नुसती बाकावर बसून राहणार, त्यापेक्षा कपड्यांच्या घड्या घालायला शिकू दे. ताई माझ्याकडे बघत राहिली. मी भांडलो. पाण्याची वाफ कशी होते ती आमची फिल्म आणून त्यांच्याच घरातल्या भिंतीवर दाखवली. तिच्यात चित्राखाली मोठ्या अक्षरांत ओळी येतात. फिल्म संपल्यावर चिमणीनं मला हाताला धरून लाँड्रीतल्या बॉयलरपाशी ओढत नेलं. नळीतून निघणाऱ्या वाफेकडे बोट दाखवलं, आणि मग त्या भिंतीच्या दिशेनं. माझा ऊर भरून आला.

"सहामाहीपर्यंत बघू," भावोजी म्हणाले. "तिला काही आलं तर माझी ना नाही. नाहीतर मग तू मध्ये पडायचं नाहीस."

चिमणीला घ्या म्हणून जवळच्या शाळेला मी गळ घातली. यंत्र स्वतः वाहून नेलं आणि विज्ञानाच्या बाईंना चालवायला शिकवलं. त्याच्या बटणाला दोन घरं आहेत. पहिल्या घरात फीत फिरते आणि आवाज येतो. दुसऱ्या घरात त्याबरोबर दिवाही लागतो आणि भिंतीवर चित्र उमटतं. बाई हुशार, एका दमात शिकल्या. पुढे फोन केला की म्हणायच्या, "रोज लावतो आम्ही. मुलं अगदी रमतात." खोटं बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मला आकाश ठेंगणं झालं.

एक दिवस ताईचा फोन आला. "अरे, चिमणी बोलायला लागली!"

मी धावत लाँड्रीत गेलो. चिमणी काउंटरपुढे हाताची घडी घालून ताठ उभी राहिली आणि ठेक्यात तोंड उघडू-मिटू लागली. मध्येच थांबायची, पुन्हा सुरू करायची. आवाज फुटत नव्हता. ताईचे डोळे भरले होते.

"आज ना उद्या शब्दही येतील, नाही का रे?"

"येतील की," मी म्हणालो. मला तसंच वाटलं होतं.

सहामाहीचा निकाल लागला. कधी नव्हे तो अख्खा वर्ग विज्ञानात पास, आणि चिमणीचा पेपर कोरा. कुठेतरी माशी शिंकली होती. मी न कळवता शाळेत गेलो.

वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. टेबलावर प्रोजेक्टर, फीत फिरतेय आणि समोरची भिंत कोरी. यंत्रातून निवेदकाचा आवाज आला, "हे पाहा, पाणी उकळत आहे."

पोरं हाताची घडी घालून उभी होती. एका सुरात ओरडली, "हे पाहा, पाणी उकळत आहे!"

"पाहा, वाफ वर जात आहे."

"पाहा, वाफ वर जात आहे!"

पहिल्या बाकाशी चिमणी उभी होती. शेजारणीच्या ओठांकडे बघून ती तोंड उघडत होती, मिटत होती.

"बाई, दिवा?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"दिवा बंदच ठेवतो ना आम्ही. तो गेला की तुमचं केंद्र दुसरा देत नाही. यंत्र मोडलं असं धरून परत नेतात. आवाजावर छान चालतंय." मग त्या कौतुकानं म्हणाल्या, "सगळं तोंडपाठ झालंय मुलांना. निकाल बघितलात?"

"अहो, तिला ऐकू येत नाही!"

"तिचं वाईट वाटतं हो. पण तिच्या एकटीपायी दिवा गेला, तर सगळ्या वर्गाचं बुडेल."

मी बटण दुसऱ्या घरात सरकवलं. भर उजेडात चित्र फिकं दिसत होतं, पण दिसत होतं. पोरं गप्प झाली. कुणीतरी म्हणालं, "बाई, पाठातली वाफ ती हीच?" चिमणी बाकापासून निघून भिंतीपाशी गेली आणि खालच्या ओळीवर बोट फिरवू लागली. बाईंनी बटण हळूच मागे घेतलं. मग चिमणीला दंडाला धरून बाकाशी आणलं आणि पाठ पुढे सुरू झाला.

मी केंद्रात साहेबांकडे दिवा मागायला गेलो. दिवे खरंच संपले होते आणि नवे येणार नव्हते. वर्गात काय पाहिलं ते मी आवाज चढवून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नुसत्या आवाजावर भागतं?" ते म्हणाले. "मग बाकीच्या शाळांनाही तसंच सांगा की. कपाटात पडून राहण्यापेक्षा बरं."

मी हात टेकले.

ताईपासून काही लपवलं नाही. तिनं विचारलं, "म्हणजे ती बोलत नव्हती?"

"नाही, ताई."

ताई आत निघून गेली.

भावोजी रागावले नाहीत. रागावले असते तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी चिमणीला मोठ्या टेबलापाशी बोलावलं. एक चादर तिच्यापुढे पसरली, एक स्वतःपुढे. टोकाला टोक जुळवलं आणि तिच्याकडे बघितलं. तिनंही जुळवलं. त्यांनी मधोमध दुमडली, तिनंही दुमडली. तिची कड तिरकी गेली, तेव्हा त्यांनी आपली घडी उलगडून सावकाश पुन्हा करून दाखवली. या खेपेला तिला जमलं. चिमणी हसली.

"बघ," भावोजी मला म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "दाखवलं की येतं तिला."

आजवर शाळाशाळांतून मी हेच तर सांगत आलो होतो. मी मान डोलावली.

ताई आतून चिमणीचा धुतलेला गणवेश घेऊन आली आणि तिच्यापुढे ठेवला. चिमणीनं त्याचीही घडी घातली, कडा नीट जुळवून.