कळवून केलेली तपासणी

सकाळची प्रार्थना, मग आईच्या गुडघ्यांना तेल, मग डबा भरून कार्यालय. तपासनीसबाईंचा एकवीस वर्षांचा नेम. त्या नेमात आणखी एक गोष्ट अशी बेमालूम मिसळून गेली होती की तिला कुणी वाईट म्हणेनासं झालं होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी त्या संस्थेला फोन करायचा, "उद्या येते आहे बरं का."

बाई महानिरीक्षकांच्या कार्यालयात होत्या. पोलिसांतल्या नव्हेत, सरकारची वसतिगृहं, दवाखाने नीट चालतात की नाही हे पाहायला सरकारनंच नेमलेलं, पण कुठल्याही खात्याचं मिंधं नसलेलं असं ते कार्यालय. तपासणी अचानक करावी, असा नियम होता. पण पाहुणासुद्धा कळवून येतो, मग आपणच चोरपावलांनी का जायचं, असं सगळेच म्हणत. त्याला ते माणुसकी म्हणत.

या खेपेला निराधार विधवांच्या वसतिगृहाची पाळी होती. तिथला अधीक्षक बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. खरं तर ती फाइल बाईंनी घ्यायलाच नको होती. पण माणसं कमी होती, आणि महानिरीक्षकसाहेब म्हणाले, "तुमच्याइतकं सरळ दुसरं कोण आहे?" बाईंना ते गोड लागलं.

"ताई, किती वाजता टपकणार?" भावानं फोनवर विचारलं.

"टपकायला मी काय पिकलं फळ आहे? दहाला येते."

"ये. फक्त खाटांखाली वाकून बघू नकोस. कंबर धरली तर आई मला बोलेल."

दुसऱ्या दिवशी फरशी अशी लखलखत होती की पाय ठेवायला संकोच वाटावा. पांढऱ्या चादरी, धुतलेले पडदे, फिनेलचा वास. बेचाळीस खाटा, त्यांतल्या तीन रिकाम्या. एक शिंपीणबाईंची होती. मुलांनी 'आठ दिवसांत नेतो' म्हणून इथं सोडलेली ती म्हातारी सहा वर्षं वाट पाहत होती. मागच्या तपासणीला तिनं पडल्यापडल्याच बाईंच्या बाहीचं सुटलेलं बटण लावून दिलं होतं आणि दोरा तोडताना हळूच म्हणाली होती, "एकदा न सांगता या हो." बाई हसल्या होत्या, "का? तयारीचा कंटाळा आला वाटतं!"

"शिंपीणबाई कुठं आहेत?"

"डोळे तपासायला नेलंय. बाकीच्या दोघींनाही. येतील संध्याकाळी," भाऊ म्हणाला.

कूस बदलायलाही जिला दुसऱ्याचा हात लागतो, ती डोळे दाखवायला कशी गेली? प्रश्न बाईंच्या मनात आला, नाही असं नाही. पण समोर होता तो पाठचा भाऊ. त्यांनी तीन नावांपुढे हजेरीची खूण केली. बाराच्या ठोक्याला तपासणी संपली. मग चहा आला, आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला, वडिलांच्या तिरसटपणाच्या आठवणी निघाल्या. हसता हसता दोन कधी वाजून गेले ते कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी टेबलावर एक कागद आला. वसतिगृहातला प्रत्येक मृत्यू कार्यालयाला कळवावा लागे. शिंपीणबाई वारली होती. तारीख तपासणीचीच. वेळ, दुपारी एक पन्नास. ठिकाण, स्वतःची खाट. कारण, वार्धक्य.

बाईंनी कागद पुन्हा वाचला. त्या दिवशी एक पन्नासला ती खाट रिकामी होती. भिंतीपलीकडे त्या स्वतः दुसरा चहा घेत होत्या.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्या न कळवता निघाल्या. फाटकावरचा पहारेकरी गोंधळून उठला. "आज? फोन नव्हता आला, बाई!" आत फिनेलचा वास नव्हता. जो होता तो नाकाला पदर लावायला लावणारा होता. आणि बाईंनी तो लावला नाही.

सतत बोलते म्हणून सगळे जिला रेडिओआजी म्हणत, त्या दिवशीच्या तिघींतली ती दुसरी, भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई शेजारी बसल्या.

"आजी, डोळे कसे आहेत?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? पाठ बघा." तिनं चादर सारली. पडून पडून झालेल्या जखमा होत्या. बाईंना नजर तिथं ठेवणं जड गेलं. "ह्या दिसू नयेत म्हणून तुम्ही आलात की आम्हाला कपड्यांच्या गाडीत घालतात. धुवायचे कपडे नेतात ना, ती बंद गाडी. गोदामांच्या मागं नेऊन उभी करतात."

"दर वेळी?"

"दर वेळी, जिला जखमा तिला. शिंपिणीची ही पहिलीच खेप. बाराला परत आणतात. ह्या खेपेला ऊन तापलं तरी आणीनात. ड्रायव्हर बाहेरून फोनवर विचारत होता, 'निघाल्या का बाई? अजून बसल्यात?' शिंपीण म्हणाली, 'गप्पा रंगल्या असतील, बहीणभाऊ आहेत.' मग ती बोललीच नाही." म्हातारीनं चादर पुन्हा ओढून घेतली. "तुम्हाला दोष नाही देत हो. तुम्हाला काय ठाऊक?"

त्या शेवटच्या वाक्यानं बाईंना उठवेना.

भाऊ दारात उभा होता. "कामाला असलेल्या चार बायका बेचाळीस जणींना उलटंसुलटं करणार कशा, ताई? माणसं मागून मागून थकलो मी."

"मग जखमा दाखवायच्या होत्यास. माणसं मिळाली असती. बघायलाच आले होते ना मी?"

"तू बघायला आली होतीस?" तो कडवट हसला. "बघायला येणारा आदल्या दिवशी फोन करतो?"

बाई फाटकाकडे चालू लागल्या.

त्या घरी पोचायच्या आत त्याचा आईला फोन झाला होता. आईनं पदर पसरला. "एकच भाऊ आहे तुला. म्हातारी माणसं जातातच गं. कागद आहे तसा राहू दे." बाई रात्रभर कूस बदलत राहिल्या, कूस बदलता येते, याचीही त्यांना लाज वाटली. सकाळी प्रार्थनेला बसल्या, पण मागायला तोंड नव्हतं. हात नुसते जोडलेले राहिले. मग उठून त्यांनी जबाब लिहायला घेतला. गाडी, जखमा, मृत्यूचं खोटं ठिकाण. आणि सगळ्यांत वर, 'मी आदल्या दिवशी कळवून गेले. काम संपल्यावर दोन तास बसून राहिले.'

महानिरीक्षकसाहेबांनी तो सावकाश वाचला. "भावाचं लिहिलंत, धीराचं काम केलंत. पण पहिलं पान कशाला? फोनचं कोण विचारणार आहे? नोकरी जाईल, बाई."

"ते काढलं, साहेब, तर चौकशी एका अधीक्षकाची होईल. आणि माझ्या खुर्चीवर येणारी उद्या पुन्हा फोन उचलेल. बाकीच्या संस्थांच्या गाड्या कुठं उभ्या असतात, ते कुणी पाहायचं?"

साहेबांनी चष्मा काढला. काच पुसली. "तपासनीस होतो तेव्हा मीही कळवूनच जायचो," ते हळू आवाजात म्हणाले. मग पहिल्या पानासकट सगळ्या जबाबावर त्यांनी शिक्का मारला.

चौकशी संपेपर्यंत घरी बसण्याचा हुकूम घेऊन बाई परतल्या. आई खुर्चीत तशीच बसून होती, सकाळपासून अन्नाला शिवली नव्हती. बाईंनी तेलाची वाटी आणली. आईनं पाय मागं घेतले.

"किती वेळ होती ती गाडीत?"

"साडेनऊपासून. सव्वाचार तासांच्या वर."

"पाणी?"

"नव्हतं."

आईनं डोळे मिटून घेतले. तिच्या वयाची ती बाई बहुधा आता तिला दिसू लागली होती. "त्याला ठाऊक होतं, गाडी उन्हात आहे ते?"

"होतं."

"आणि तुला?"

बाईंच्या हातातली वाटी कलंडली. तेल फरशीवर पसरत गेलं, आणि दोघींपैकी कुणीच ते पुसायला वाकलं नाही.

"विचारलं असतं तर कळलं असतं, आई," त्या म्हणाल्या. "कळू नये म्हणूनच मी विचारलं नाही."