नंदाबाईचा आवाज

मित्रांनो, मी कान्हे गावाजवळच्या बंधाऱ्यावरील खोलीतल्या एका जुन्या संगणकाचा गाभा आहे. इंग्रजीत मला 'कर्नेल' म्हणतात; संगणकाची सारी कामे मी चालवतो. नदीचे पाणी वाढले की मला तारेवरून कळते, पण स्वतःला ओरडता येत नाही. त्यासाठी मी बाहेरच्या एका प्रोग्रामला हाक मारून उठवतो. त्याचा पत्ता मात्र मला अक्षरन् अक्षर ठाऊक असावा लागतो.

तो प्रोग्राम वराळ्याच्या अनघाने लिहिला. त्यात आवाज भरला गावच्या नंदाबाईने. "पानी आलं रं! वर या, समदी वर या!" हे कर्ण्यावरून ऐकले की धुणे धुणाऱ्या बायका, गुराखी, सारे काठावर यायचे. गावाने माझे फार कौतुक केले.

पुढे नंदाबाई तापाने गेली. आवाज तेवढा राहिला.

एके दिवशी तिचा नवरा भिमाजी खोलीत अनघाकडे आला. "ताई, ती वरडली की मी दारात जाऊन बगतो. तितं कुनी नसतंय. बंद करा तिला."

"आबा, साधा भोंगा लावते," अनघा म्हणाली.

तिने भोंग्याचा नवा प्रोग्राम नव्या जागी ठेवला, जुना पुसला. स्वतः चालवून पाहिला. भोंगा वाजला, सगळे निश्चिंत झाले. पण नवा पत्ता मला सांगायचा राहून गेला.

चौथ्या दिवशी दुपारी पाणी चढले. भिमाजीचा भाऊ रखमाजी पाणी उपसायची मोटार काढायला पात्रात उतरला होता. मी जुन्या पत्त्यावर हाक मारली. उत्तर आले, 'सापडला नाही.' पुन्हा मारली. सापडला नाही. पाणी चढत गेले, मी हाका मारत राहिलो, आणि खोलीत साधी कुजबुजही झाली नाही.

रखमाजीचा देह तिसऱ्या दिवशी मिळाला.

अनघाने माझ्या नोंदी उघडल्या, 'सापडला नाही' ओळीमागून ओळ वाचली आणि भिमाजीला बोलावून घेतले. "आबा, चूक माझी आहे."

"मीच तिला गप केली, पोरी," भिमाजी म्हणाला. "आता बोलू दे."

अनघाकडे जुनी प्रत होती. ती जुन्याच जागी लावून तिने पाण्याची पातळी सांगणारा तरंगता गोळा हाताने उचलला आणि मलाच हाक मारायला लावली. नंदाबाई बोलली. भिमाजी भिंतीला हात टेकून शेवटपर्यंत उभा राहिला.

आता पाणी चढले की पात्र रिकामे होते. पण माझी हाक आणि तिचा पहिला शब्द यांच्यामध्ये क्षणभर शांतता असते. त्या शांततेत रखमाजी अजून पाण्यात उभा असतो.

मित्रांनो, काही हलवाल, पुसाल, तर त्याच्यावर कोण विसंबून आहे ते आधी शोधा. माझ्यासारख्याला ओरडून सांगता येत नाही.