इथे बनत नाही

दादाने कात्री कानाशी नेली, एकदा उघडली, एकदा मिटली, आणि पुन्हा उघडली. समोर लाकडी ठोकळ्यावर बसलेला धाकटा भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. हा माणूस कात्री कानाने तपासतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"वाईट नाही," दादा म्हणाला. "घाई केलीय, पण वाईट नाही."

मग त्याने पातं उजेडाकडे वळवलं आणि त्याचा अंगठा स्क्रूजवळ थांबला. तिथे एक टिंब होतं आणि त्याखाली तीन बारीक रेघा. ही दादाची खूण. पस्तीस वर्षांत या भट्टीवरून गेलेल्या एकूण एक कात्रीवर त्याने ती स्वतःच्या हाताने मारली होती.

धाकट्याने मान खाली घालून सांगून टाकलं. दुकानासाठी कात्र्या करून घ्यायला परदेशातल्या कारखान्याला नमुना पाठवायचा होता. दादाच्या कात्रीहून चांगली कात्री त्याला माहीतच नव्हती, म्हणून तीच पाठवली. हुबेहूब अशी हवी, एवढं लिहिलं. त्या बापड्यांनी हुबेहूब केली, खुणेसकट. एकदोन नाही, आठ हजार.

दादा हसला. ते हसणं काही बरं नव्हतं. दारात चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या वहिनीने एक कप धाकट्यासमोर आदळला.

"खूण तेवढी राहिली होती," ती म्हणाली. "तीही पाठवून दिलीस का?"

ही एक तेवढी हाती आली होती, बाकी सगळ्या कात्र्या बंदरात अडकून पडल्या होत्या. नियम सरळ होता. जी वस्तू देशात बनत नाही तिच्यावर आयात शुल्क नावापुरतं, आणि जी बनते तिच्यावर मालाच्या किमतीच्या निम्मं. धाकट्याने बेधडक लिहून दिलं होतं की शिंप्यांची अशी कात्री आता देशात कोणीही बनवत नाही. कस्टम्सच्या साहेबाने पेटी उघडली, खूण बघितली, कारागिरांच्या खुणांचं जुनं रजिस्टर काढलं, आणि त्यात नेमका या गल्लीचा पत्ता निघाला. आता साहेब गुरुवारी स्वतः बघायला येणार होता. तोवर एका कागदावर दादाची सही हवी होती, कात्र्या बनवणं मी बंद केलं आहे म्हणून.

"वर्षाला दहा-बाराच तर बनवतोस," धाकटा बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली.

निम्मं शुल्क भरायची वेळ आली तर धाकट्याच्या दुकानाला कुलूप लागणार होतं. त्या दुकानाच्या गल्ल्यावर दादाची मुलगी बसायची, गोदाम जावई बघायचा. या भट्टीचा कोळसासुद्धा दुकानाच्याच टेम्पोतून यायचा. धाकट्याने यातलं काही तोंडातून काढलं नाही. काढायची गरज नाही हे तो पक्कं जाणून होता, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटत होती.

"ठेव तो कागद," दादा म्हणाला. "बघतो."

"आणि गुरुवारी भट्टी पेटवू नकोस, दादा."

दादाने कागद फळीवर हातोड्याखाली सरकवला.

गुरुवारी साहेबाला गाडीतून घेऊन येताना गल्लीच्या वळणावरच धाकट्याला कोळशाचा वास आला. भट्टी रसरसत होती. दादा सांडशीत पातं धरून आगीसमोर उभा होता. कागद फळीवर हातोड्याखाली दाबून ठेवलेला, सहीची जागा कोरी. झालं, संपलं सगळं, असं धाकट्याला वाटलं.

साहेब उर्मट असता तर बरं झालं असतं. तो निघाला भला माणूस. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, माझे वडील शिंपी होते, आमच्या घरी हीच खूण असलेली कात्री होती, तिला हात लावला की आम्हा पोरांना रट्टे बसायचे. एवढं बोलून तो जरा पुढे झुकला.

"मिस्त्री, स्पष्टच सांगतो. हे शुल्क लावलंय ते तुमच्यासारख्यांसाठीच. 'मी बनवतो' एवढंच म्हणा. हा माल स्वस्तात आत येणार नाही, ते मी बघतो."

पस्तीस वर्षांत सरकारातलं कोणी या दाराशी असं विचारायला आलं नव्हतं. दादाने मान वर केली. धाकट्याला वाटलं, हा आता म्हणणार. अगदी आतून, खरोखर, त्याला असंही वाटून गेलं की म्हणावंच याने. पण लगेच गल्ल्यावरची पुतणी डोळ्यांसमोर आली आणि त्याच मनाने तो म्हणू लागला, नको, दादा, नको.

दादाने पातं आगीतून बाहेर काढलं. तो रंग धाकटा झोपेतही ओळखला असता. शाळेतून आल्यावर दहा वर्षं त्याने इथला भाता ओढला होता. हा रंग आला की भाता थांबायचा आणि पातं ऐरणीच्या डावीकडे ठेवलेल्या तेलात जायचं. उजवीकडे पाण्याची बादली होती, ती सांडशी गार करायला. तिच्यात तापलेलं पातं कधीच गेलं नव्हतं.

दादाचा हात उजवीकडे गेला.

चर्रकन वाफ उठली, आणि तिच्यामागून बारीकसा टक् असा आवाज आला. दादाने पातं वर धरलं. धारेपासून स्क्रूच्या भोकापर्यंत केसाएवढी भेग गेली होती.

"बघितलंत ना, साहेब? असं होतं. हात राहिला नाही आता. माझ्याच्याने बनत नाही. धार लावून देतो, तेवढंच."

सांडशी धरलेला हात तसूभरही हलत नव्हता. साहेब बघत होता ती भेग. त्याने सुस्कारा सोडला, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि फळीवरचा कागद पुढे केला. दादाने सही केली.

साहेब गाडीत जाऊन बसला. धाकट्याचा पाय निघेना.

"दादा, तेल डावीकडे होतं."

"कुठे असतं ते मला माहितीय."

दादाने तडकलेलं पातं भंगाराच्या ढिगात टाकलं. त्याचं जोडीचं पातं टेबलावर घासूनपुसून तयार होतं. तेही उचलून त्याने ढिगात टाकलं. ही कात्री उद्या द्यायची होती, तो सांगू लागला. चार महिने थांबलाय तो टेलर, दोनदा घरी येऊन गेला. मी स्वतः जाऊन त्याची माफी मागतो, धाकटा घाईघाईने म्हणाला, म्हणशील ते सांगतो त्याला.

"माफी कशाला? सुटेल ना आता तुझा माल? त्यातली एक घेऊन ये. देऊन टाकू त्याला."

"ती तुझी नाहीये रे, दादा."

दादाने भट्टीवर राख ओढली.

"त्याला कुठे कळतंय?" तो म्हणाला. "खूण आहे की तिच्यावर."